पाणी कुठून आणलं?

राजवाडे आणि त्यांच्या बागा यांबद्दलचं माझं मत अनेक वर्षं पक्कं होतं आणि ते मी कधी लपवलं नाही. किल्ले पाहावेत, महाल पाहू नयेत. किल्ला ही गरज, महाल ही चैन. किल्ल्याचा प्रत्येक चिरा कशासाठी तरी बसवलेला असतो, बागेतलं कारंजं कशासाठीच नसतं. ट्रेकला येणाऱ्या नव्या मुलांना मी हे सांगत आले, आमच्या गटाच्या वार्षिक अंकात लिहीत आले आणि घरची मंडळी जयपूर-म्हैसूरला निघाली की काहीतरी कारण काढून मागे राहत आले. हे मत आता माझं राहिलेलं नाही. राजस्थानातल्या डीग नावाच्या गावी ते बदललं. ज्यांना मी ते इतकी वर्षं सांगितलं त्यांना ते कसं बदललं हेही सांगायला हवं, म्हणून हे लिहिते आहे.

आधी ते आलं कुठून ते सांगते. मी वाढले बाबांच्या मागे सह्याद्री चढत. राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड, रतनगड. गडावर पोहोचलं की बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, पाणी कुठंय? तटबंदी, बुरूज, सदर, चोरदिंडी सगळं नंतर. आधी टाकी शोधायची. कातळात खोदलेली, एकीतून दुसरीत पाणी उतरणारी, कुठे आत खांब सोडलेली. बाबा म्हणत, टाकी मोज म्हणजे इथे किती शिबंदी किती महिने तग धरेल ते कळेल. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात दुर्गांचं जे प्रकरण आहे, त्यातही किल्ला बांधण्याआधी पाणी पाहावं, एका साठ्यावर विसंबू नये असं बजावलं आहे. ते प्रकरण मला शाळकरी वयातच जवळजवळ पाठ होतं. पाणी म्हणजे जगणं आणि लढणं, हे माझ्या डोक्यात इतकं घट्ट बसलं होतं की पाणी नुसतं हवेत उडवायचं, तेही एका माणसाचे डोळे निवावेत म्हणून, ही कल्पनाच मला अपमानास्पद वाटे. टाक्यातलं ओंजळभर पाणी जपून पिणाऱ्या माणसांशी केलेली ती बेइमानी वाटे.

डीगच्या बाबतीत आणखी एक गाठ होती. डीग म्हणजे भरतपूरचे जाट, आणि भरतपूरचे जाट म्हणजे राजा सूरजमल. आमच्या घरात पानिपतावर बोलणं निघालं की सूरजमलाचं नाव कडवटपणे घेतलं जाई. भाऊसाहेबांबरोबर दिल्लीपर्यंत आला आणि ऐन वेळी निघून गेला, एवढंच त्याच्याविषयी सांगितलं जाई. अशा माणसाचा महाल पाहायला मी आपणहून गेले नसते.

निमित्त झालं मावशीचं. तिला गोवर्धनाची परिक्रमा करायची होती. एकवीस किलोमीटर चालणं या वयात जमणार नव्हतं, म्हणून आम्ही ती ई-रिक्षानं केली. मावशी साताऱ्याकडच्या एका खेड्यातली, लग्नानंतरही शेतातच राहिलेली. सोबत म्हणून मी गेले आणि बदल्यात एक दिवस मागून घेतला. गोवर्धनपासून डीग अगदी जवळ, आणि तिथून भरतपूरच्या वाटेवर कुम्हेर. कुम्हेरच्या वेढ्यात, मार्च १७५४मध्ये, मल्हाररावांचे चिरंजीव खंडेराव होळकर किल्ल्यावरून आलेल्या तोफेच्या माऱ्यात पडले. गावाजवळ होळकरांनी बांधलेली त्यांची छत्री आहे. सती जायला निघालेल्या अहिल्याबाईंना मल्हाररावांनी थांबवलं ते याच प्रसंगी. मला ती छत्री पाहायची होती, आणि डीगचा किल्ला. १३ नोव्हेंबर १८०४ला होळकरांच्या पायदळानं आणि तोफखान्यानं डीगच्या तटाबाहेर इंग्रजांशी झुंज दिली. इंग्रजांचा सेनापती फ्रेझर तोफेच्या गोळ्यानं पाय गमावून पडला आणि त्यातच पुढे मेला. डिसेंबरात इंग्रज सेनापती लेक यानं वेढा घालून डीग घेतलं. मला पाहायचं होतं ते हे. महाल माझ्या यादीत नव्हता.

किल्ला मनाजोगा पाहिला. रुंद खंदक, मातीच्या भरावाचे जाड तट, कोपऱ्यावरचा लाखा बुरूज. आपल्याकडच्यासारखा कातळाचा आधार इथे नाही, सपाट मुलूख आहे. त्यामुळे उंचीच्या जागी रुंदी आणि दगडाच्या जागी माती. तोफेचा गोळा मातीत रुततो, तट ढासळत नाही. १८०५च्या जानेवारी-फेब्रुवारीत लेकनं भरतपूरवर चार हल्ले केले आणि चारही फसले, ते अशाच तटांपुढे. मी समाधानानं खाली उतरले. मावशी खंदकाच्या कडेला बसून होती. ती म्हणाली, “तुझं झालं ना बघून? आता त्या तळ्यापलीकडं काय आहे ते बघू.” मी म्हटलं, “महाल आहेत गं. तू ये जाऊन, मी इथं थांबते.” ती म्हणाली, “एवढ्या लांब आणलंस आणि एकटीला धाडतेस व्हय?” म्हणून मी गेले.

डीगचे महाल एका मोठ्या बागेच्या चारी बाजूंना आहेत. ही गोष्ट मला आत शिरल्यावर हळूहळू उमगली. मोगली चारबागेत बहुधा इमारत मधोमध असते आणि बाग भोवती. इथे मधला भाग बागेला देऊन इमारती कडेला सरकवल्या आहेत. पश्चिमेला गोपाल भवन, त्याच्या पाठीशी गोपाल सागर हे तळं. पूर्वेला केशव भवन आणि त्यामागे रूप सागर. दक्षिणेला संगमरवरी सूरज भवन आणि किशन भवन, उत्तरेला नंद भवन. मध्ये पाटांनी विभागलेली हिरवळ, पाटांच्या मधोमध ओळीनं कारंज्यांच्या तोट्या. दगड फिकट, सायीच्या रंगाकडे झुकणारा, भरतपूरकडच्याच बंसी पहाडपूरच्या खाणींतला. कोरीवकाम आहे, पण भिंती झाकून टाकणारं नाही. नजर जाते ती छज्ज्यांवर. एकाखाली एक असे दोन छज्जे, खोल, लांब बाहेर आलेले. उन्हाळ्यात इथलं तापमान पंचेचाळीसच्या घरात जातं. त्या उन्हात भिंतीवर सावली धरून ठेवणारी ही रचना आहे, हे मला मान्य करावं लागलं. तोवर मी इमारतींकडे फक्त खोट काढायला पाहत होते.

गोपाल भवन बागेकडून पाहिलं तर बेताचं वाटतं. मागे जाऊन तळ्याकडून पाहिलं तर तेच चांगलं उंच होतं, कारण खालचे मजले पाण्याच्या पातळीला आणि पाण्यात आहेत. कडक उन्हाळ्यात माणसं त्या खालच्या मजल्यांत उतरत. दोन्ही बाजूंना सावन आणि भादों नावाचे दोन मंडप, उलट्या होडीच्या आकाराच्या छपरांचे, पाण्यावर झुकलेले. मी तळ्याच्या कडेनं चालताना सवयीनं पाणी कुठून येतं, कुठे जातं हे शोधू लागले. ती बाबांची सवय. आणि तिथेच माझ्या मताला पहिला धक्का बसला. हा सगळा पसारा पाण्याच्या हिशोबावर उभा होता. दोन्ही बाजूंना दोन तळी, मध्ये बाग, आणि पलीकडच्या तळ्याच्या पुढे किल्ल्याचा खंदक. मी सकाळपासून ज्याला किल्ला आणि ज्याला महाल म्हणत होते, ती पाण्यानं जोडलेली एकच वसाहत होती.

बागेत काम करणारे एक वयस्क गृहस्थ मावशीशी बोलू लागले. मावशीचं हिंदी मोडकं, त्यांची ब्रजभाषा, तरी दोघांचं छान जमलं. कारंजी कोरडी होती. मावशीनं विचारलं, याला पाणी कुठून आणलं? त्यांनी हात वर करून दक्षिणेकडच्या इमारतीचं छप्पर दाखवलं. तिथे वर एक प्रचंड हौद आहे, लाखो लिटर पाणी मावणारा. हौदाच्या भिंतीत भोकं आहेत. प्रत्येक भोक बागेतल्या ठरावीक कारंज्यांचं, आणि प्रत्येकाला लाकडी बूच. बूच काढलं की त्या भोकातलं पाणी नळातून खाली उतरतं, जमिनीखालून बागेत जातं आणि तोटीतून उसळतं. पंप नाही, यंत्र नाही. पाणी जितक्या उंचीवरून येतं, त्या मानानंच ते वर उडणार. कोणतं बूच कधी काढायचं हे ज्याला ठाऊक, त्याच्या हाती सगळी बाग. आणि त्या भोकांत रंगाच्या पुरचुंड्या ठेवल्या की प्रत्येक कारंजं आपापल्या रंगाचं.

“आणि वर हौदात कसं न्यायचं?” मावशीनं विचारलं.

बैल, ते म्हणाले. विहिरीतून चामड्याच्या मोटेनं. हौद भरायला कितीतरी दिवस लागायचे, रिकामा व्हायला काही तास.

मावशी यावर बराच वेळ काही बोलली नाही. मग माझ्याकडे वळून बोलायला लागली ती थांबेना. तिच्या लहानपणी त्यांच्या मळ्यात मोट होती. तिचे वडील पहाटे बैल जुंपायचे आणि ही धावेवर त्यांच्या मागे चालायची. बैल उताराला चालत गेले की नाडा ताणला जायचा, मोट वर यायची. सोंडेचा दोर, म्हणजे सोंदूर, ओढून धरलेला, तो ठरावीक जागी सैल झाला की सोंडेतून पाणी थारोळ्यात पडायचं. मग बैलांना मागं सारत न्यायचं, मोट पुन्हा खाली. थारोळ्यातून पाटात, पाटातून वाफ्यात, आणि वाफ्याशी आई दारं धरून उभी. “चढावर बैल मागं न्यायला सगळ्यांत जड जातं,” ती म्हणाली. “माणूस नवखा असला की बैल मानेनं ओढतात, खांदं सुजतात. नाडा पाण्यानं कुजतो, तो वेळेत बदलावा लागतो, न्हाईतर मोट गेली विहिरीत. आमचा एवढासा मळा भिजवायला दिवस जायचा. इथं हे छपरावर चढवलंय.” मग तिनं ते वाक्य म्हटलं, जे माझ्या मनातून गेलेलं नाही: “हे ज्यानं बांधलं तो शेतकरीच असणार. दुसऱ्याला हे सुचायचं नाही.”

तिला इतिहास माहीत नव्हता. तिनं फक्त काम ओळखलं होतं. आणि ती बरोबर होती. सूरजमलाचं घराणं डीगजवळच्या सिनसिनी गावचं, जमीन कसणाऱ्या जाटांचं. त्याचे वडील बदनसिंह यांनी डीगला राजधानी केली, तोवर या कुळाला दिल्लीच्या दरबारात बंडखोर जमीनदार याच्या पलीकडे किंमत नव्हती. मी मोगलांची नक्कल शोधत आले होते. समोर होती मोट आणि पाट जाणणाऱ्या माणसांनी, तीच विद्या घेऊन, शेताऐवजी बागेसाठी केलेली करामत. फरक एवढाच की वाफ्यात पाणी जमिनीलगत चालतं आणि इथे त्याला उठून उभं राहायला लावलं होतं.

मग आम्ही केशव भवनात गेलो. भिंती नसलेली, कमानींची एकमजली बारादरी, भोवती पाण्याचा पाट आणि त्यात तोट्याच तोट्या. हिच्याबद्दल जे सांगतात ते असं. छपराच्या दुहेरी रचनेत जड दगडी गोळे होते. पाण्याच्या जोरानं ते गडगडले की ढगांचा आवाज व्हायचा. कमानींच्या वरच्या नळ्यांतून धारा पडायच्या, भोवतीची कारंजी तुषार उडवायची, आणि भर वैशाखात आत बसलेल्यांना पाऊस आल्याचं सुख मिळायचं. हे आधी मी पुस्तकात वाचलं असतं तर म्हटलं असतं, बाहेर रयत पावसाची वाट पाहते आहे आणि हा खोटा पाऊस पाडून घेतो आहे. पण त्या बारादरीत मावशीशेजारी बसल्यावर मला ते तसं वाटेना. पाऊस ज्याच्या पिकाचा मालक आहे, त्याच्याच मनात पावसाची इतकी ओढ असू शकते. ब्रजात श्रावण म्हणजे झुले, गाणी, कृष्ण. इथल्या मंडपांची नावं महिन्यांवरून, भवनांची नावं गोपाल, केशव, किशन, नंद अशी. राजानं स्वतःच्या पराक्रमाचं स्मारक म्हणून ही बाग केली नाही. आपल्या मुलखाला जो ऋतू सगळ्यांत प्रिय, त्याच्यासाठी घर बांधलं. हे माझं अनुमान आहे, पण ती नावं वाचून दुसरं काही मनात येत नाही.

परत आल्यावर मी भरतपूरच्या पाण्याविषयी वाचत सुटले. पक्ष्यांसाठी जगभर नावाजलेलं तिथलं केवलादेव घना हे पाणथळ रान नैसर्गिक वाटतं, पण ते उभं आहे सूरजमलाच्या काळात गंभीर आणि बाणगंगा या नद्यांच्या संगमाजवळ घातलेल्या अजान बांधावर. भरतपूरच्या खंदकाला पाणी मिळे ते मोती झील या तलावातून. १८२५च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती कोंबरमिअरच्या फौजेनं भरतपूरला वेढा घातला तेव्हा इंग्रजांनी सर्वांत आधी काय केलं असेल, तर धावत जाऊन मोती झीलचा बांध ताब्यात घेतला आणि खंदकात पाणी सोडू दिलं नाही. कोरड्या खंदकाचं भरतपूर जानेवारी १८२६मध्ये पडलं. हे वाचताना माझ्या जुन्या मताचा पायाच सुटला. किल्ला राखणारं पाणी आणि कारंजी उडवणारं पाणी यांची विद्या एक होती. उतार ओळखणं, साठवणं, अडवणं, वेळ साधून सोडणं. जी माणसं शत्रूसाठी पाणी सोडायला शिकली, तीच उत्सवासाठी सोडायला शिकली. मी यातल्या एका कामाला थोर आणि दुसऱ्याला हलकं कशाच्या जोरावर म्हणत होते?

आज्ञापत्रही पुन्हा काढलं. ज्या प्रकरणाच्या आधारानं मी इतकी वर्षं बोलत होते त्यातच, पाण्याच्या आणि तटांच्या सूचनांच्या सोबतीला, गडावर झाडं लावण्याची सूचना आहे. आंबा-फणसासारखी मोठी झाडं, लिंबू-नारिंगासारखी लहान, आणि त्यांच्या जोडीला फुलझाडं आणि वेलीसुद्धा. उपयोगाचं असो की नसो, होईल ते झाड लावावं आणि जतन करावं, असा अमात्यांचा सांगावा आहे. कारण ते व्यवहाराचं देतात, प्रसंगी लाकूड कामी येईल. पण लाकडासाठी वेल कोण लावतं? ही ओळ माझ्या डोळ्यांखालून अनेकदा गेली होती. मी ती वाचली होती, तिच्यापाशी थांबले कधीच नव्हते.

आता सूरजमलाची गाठ. भाऊसाहेबांशी त्याचं बिनसलं ही गोष्ट खरी. पण बिनसण्याआधी त्यानं दिलेला सल्ला आमच्या घरात कुणी सांगत नसे. बायकामुलं आणि जड सामान पुढे नेऊ नका, माझ्या किल्ल्यांत ठेवा, आणि सडे होऊन तुमच्याच पद्धतीनं अब्दालीशी लढा, असं त्यानं सुचवलं होतं. ते मानलं गेलं नाही. १४ जानेवारी १७६१नंतर जखमी, उपाशी, कडाक्याच्या थंडीत अंगावर धड वस्त्र नसलेले मराठे हजारोंनी दक्षिणेकडे निघाले, तेव्हा त्याच माणसानं अब्दालीचा रोष ओढवण्याची भीती न बाळगता आपला मुलूख त्यांना खुला केला. अन्न, कपडे, औषधं, वाटखर्चाला पैसे दिले. राणी किशोरीचं नाव यात आदरानं घेतलं जातं. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई याच मुलखातून पुढे ग्वाल्हेरला सुखरूप पोहोचल्या. बाजीराव-मस्तानीचा मुलगा समशेरबहादूर जखमी होऊन इथेच आला आणि इथेच वारला. सात वर्षांपूर्वी ज्यांच्या तोफा कुम्हेरच्या तटाशी भिडल्या होत्या, त्यांना हे आदरातिथ्य मिळालं.

ज्याच्या घरात साठा आहे तोच आलेल्याला वाढू शकतो. धान्याची कोठारं, भरलेली तळी, चालते मळे असलेलं हे राज्य होतं म्हणून हजारो पाहुणे त्याला झेपले. चैन म्हणून मी ज्याकडे बोट दाखवत होते, ती कारंजी त्याच भरलेपणातून आली होती. भरलेपण वाईट, ओढगस्त तेवढी पवित्र, ही माझी समजूत सह्याद्रीच्या कड्यांनी मला दिली नव्हती. ती मीच त्यांच्यावर लादली होती.

याचा अर्थ माझे सगळे आक्षेप मिटले असा नाही, आणि तसं भासवायचंही नाही. गोपाल भवनासमोर संगमरवराचा एक झुला आहे. सूरजमलाच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगा जवाहरसिंहानं दिल्लीवर चाल केली, तेव्हा तो तिथून आणला असं सांगतात. लुटून आणलेली वस्तू बागेत सजवून ठेवणं मला आजही रुचत नाही, मग ती कुणाचीही असो आणि कितीही सुंदर असो. आणि ते बैल, ते हाकणारे हात, त्यांना काय मिळालं हा प्रश्नही आहेच. पण तो प्रश्न मी फक्त महालांना विचारत होते, हे आता दिसतं. रायगडाचे चिरे, राजगडाच्या माचीवरचा चुना, कातळात टाकं खोदणाऱ्या छिन्न्या यांच्यामागेही माणसंच होती. गडावर उभी राहून मी त्यांच्या घामाला वंदन केलं आणि बागेत उभी राहून त्याच घामाला अन्याय म्हटलं. दोन्हीकडे प्रश्न तोच विचारायला हवा, आणि दोन्हीकडे कारागिराला दादही तीच द्यायला हवी.

कारंजी चालू असताना डीग पाहायचं मी ठरवलं, कारण कोरड्या तोट्यांवरून बनलेलं मत अर्धवट राहिलं असतं. ती वर्षातून मोजक्या वेळीच सोडतात, होळीच्या सुमाराला आणि भादों अमावास्येच्या जत्रेत. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे त्यांची भादोंची अमावास्या ती आपली श्रावणाची, म्हणजे पोळ्याची. मावशीला हे सांगितलं तेव्हा तिला फार आनंद झाला. बैलांनी भरलेल्या हौदाचं पाणी पोळ्याच्या दिवशी उडतं, याहून योग्य काय, असं तिचं म्हणणं. तिला प्रवास झेपणार नव्हता, मी एकटी गेले. आता बैल नाहीत, पण रंगाच्या पुरचुंड्या तशाच भरतात. आसपासच्या गावांतून माणसं लोटली होती, कडेवर पोरं, डोक्यावर गाठोडी. एकेक ओळ उठत गेली, आधी पांढरी, मग गुलाबी, पिवळी, हिरवी. हौदाजवळची आणि बागेच्या टोकाची कारंजी मी मुद्दाम ताडून पाहिली, कारण लांबच्या नळात जोर कमी होतो आणि ते सांभाळणं हीच यातली खरी कसोटी. मुलं पाटात उतरून रंगीत पाणी एकमेकांवर उडवत होती. जी बाग एका राजाच्या डोळ्यांसाठी केली असं मी म्हणत आले, ती त्या दिवशी त्या पोरांची होती, आणि अडीचशे वर्षांपूर्वी जमिनीखाली बसवलेली आखणी त्यांच्यासाठी काम करत होती. हौद उतरत गेला तशा धारा बुटक्या होत गेल्या. वर किती पाणी उरलंय ते मग खालूनच कळत होतं.

पुण्यात परतल्यावर शनिवारवाड्यात गेले. दिल्ली दरवाजाच्या खिळ्यांवर मी तासभर बोलू शकते, पण आतल्या हजारी कारंज्यापाशी मी कधी मुलांना नेलं नव्हतं. कमळाच्या पाकळ्यांत बसवलेल्या त्याच्या तोट्या पाहिल्या आणि पुन्हा मावशीचा प्रश्न. याला पाणी कुठून आणलं? नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथून नहराच्या वाटे शहरात पाणी आणलं, चढउतार सांभाळत, वाटेत हवा सुटायला उच्छ्वास उभारत, निव्वळ उताराच्या बळावर. ते वाड्यात खेळलं, पेठांतल्या हौदांतही पडलं. मराठ्यांना बागांसाठी वेळ नव्हता हे मीच लिहिलेलं वाक्य, आणि मराठ्यांच्या राजधानीत त्याचं उत्तर उभं होतं. आमच्या पुढच्या अंकात मी त्या वाक्याच्या जागी हे लिहिणार आहे.

बाबांना हे सगळं सांगितलं. त्यांना पटलेलं नाही. सूरजमलाचं पानिपतानंतरचं वागणं त्यांनी मान्य केलं, अगदी मनापासून. कारंज्यांचं नाही. पाणी प्यायचं असतं, उडवायचं नसतं, यावर ते ठाम आहेत, आणि टाक्यांचं गाळलेलं पाणी पिऊन आयुष्यभर डोंगर चढलेल्या माणसाला तसं म्हणायचा हक्क आहे. यंदा हिवाळ्यात आमचा गट कात्रजच्या तलावापासून उच्छ्वासांच्या खुणा शोधत शनिवारवाड्यापर्यंत चालणार आहे. बाबा म्हणाले, याला ट्रेक म्हणत नाहीत. मग थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, नहरातून माणूस चालत जाऊ शकतो का, आणि उच्छ्वास किती अंतरावर आहेत. त्यांना मी नकाशा काढून दिला आहे.